कॉम्प्युटरच्या नवीन कॅबिनेटसोबत आलेल्या सामानातलं काय ठेवायचं, काय टाकायचं?

पहिल्यांदाच कॅबिनेट उघडताय आणि पसारा बघून हा प्रश्न पडलाय ना? सिलिकाची पुडी टाका. बाकी काही टाकू नका, खोकंसुद्धा. स्क्रूंचा डबा दिसला नाही तर हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यात बघा, बऱ्याचदा तिथेच बांधलेला असतो.

पण मदरबोर्ड बसवण्याआधी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे छोटे आधार) मोजा! हेच मी दादाला सांगत होतो. ताटलीत स्क्रू ओतून जाड आट्यांचे (पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क) आणि बारीक आट्यांचे (एसएसडी) वेगळे करत बसलो होतो, तर हा म्हणे, "मटार सोलतोयस का?" बोर्डामागच्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ आधीच लावून आले होते. मी मोजले, 10. त्याच्या एटीएक्स (मोठ्या मापाच्या) बोर्डाला स्क्रूची भोकं 9. एक जास्त आहे म्हटलं, तर उत्तर आलं, "कंपनीने लावलाय म्हणजे बरोबरच असणार." तो दहावा मायक्रो एटीएक्स, म्हणजे छोट्या मापाच्या बोर्डासाठी होता.

मग काय, बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेऊन गप्प. दोन दिवस दादा पॉवर सप्लायच्या नावाने शिमगा करत होता. शेवटी नवा आणला, तरी तेच. त्या बिचाऱ्याला शॉर्ट सर्किट कळत होतं म्हणून तो बंद पडत होता. मी बोर्ड उचलला तर मागे सोल्डरच्या टोकांवर पितळेने घासलेली चकचकीत खूण. तो स्टँडऑफ पक्कडीने पिळून काढला आणि मशीन पहिल्या फटक्यात सुरू.

तेव्हा बोर्ड आधी नुसता वर धरून बघा, भोक नाही तिथे स्टँडऑफ नको. हां, मधोमध एखादा टोकदार खुंटीसारखा असेल तर तो बोर्ड जागेवर बसवायला असतो, त्याला हात लावू नका.

कॅबिनेटच्या बाजूच्या काचेचं राहिलंच. टेम्पर्ड काच मधून दणकट, पण कडेला नाजूक. टाइलवर कड टेकवलीत तर क्षणात चुरा होऊ शकतो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर आडवी ठेवा, म्हणूनच खोकं टाकू नका म्हटलं.

दादा अजूनही सांगतो की सप्लायच खराब होता. तो "खराब" सप्लाय चार वर्षं माझ्या मशीनमध्ये चालतोय.