हात पुढे जाण्याआधी

अनेक आशीर्वाद.

टाइप रेटिंगच्या, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्याच्या तयारीत तू सगळे स्विच पाठ करशीलच. पण चुकीच्या स्विचला हात जातो तो बहुतेक वेळा पाठांतर कच्चं म्हणून नव्हे. सवय इतकी मुरते, की हात डोळ्यांसाठी थांबत नाही.

6 सप्टेंबर 2011. नाहाहून टोकियोला निघालेलं ऑल निप्पॉन या जपानी कंपनीचं बोइंग 737-700 होतं 41 हजार फुटांवर. कॉकपिटबाहेर गेलेला कॅप्टन परत आला, त्याच्यासाठी दार उघडायचं होतं. फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, फिरवला तो रडर ट्रिमचा नॉब, शेपटीवरचं उभं सुकाणू वळवणारा. दारासाठीही फिरवायचाच नॉब, दिसायलाही तसाच. शिवाय हा फर्स्ट ऑफिसर आधी 737-500 उडवायचा, तिथली सवय हातात उरलेली. विमान 131 अंशांपर्यंत कलंडलं, म्हणजे जवळजवळ पाठीवरच, आणि सुमारे 6,300 फूट खाली आलं. 117 जण वाचले. म्हणून एका विमानावरून दुसऱ्यावर जाताना नवीन काय आहे ते नंतर बघ; कशाची जागा बदलली, त्याची यादी आधी कर.

फ्लॅप, म्हणजे कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या पंखांमागच्या झडपा, मागितले की वेग मर्यादेत आहे का ते बघ आणि तसं बोल. लिव्हरवर हात ठेव, नजर त्याच हातावर आण, मगच हलव. बोटांनाही विचार: चाकाच्या आकाराची मूठ गिअरची, म्हणजे चाकं आत-बाहेर करणाऱ्या लिव्हरची, पंखासारखी चपटी फ्लॅपची. ही शहाणीव दुसऱ्या महायुद्धात बी-17 ची चाकं धावपट्टीवरच आत घेतली जायला लागल्यावर सुचली! लिव्हर हलवून काम संपत नाही. फ्लॅपचा काटा मागितलेल्या आकड्यावर पोचेपर्यंत तिथेच बघ.

हीच शेवटची पायरी घाईत सुटते. 15 जानेवारी 2023 ला पोखऱ्याला उतरणाऱ्या यती एअरलाइन्सच्या एटीआर 72 मध्ये फ्लॅप 30 मागितले गेले आणि फेदरला गेले ते शेजारचे, प्रॉपेलरवर ताबा ठेवणारे कंडिशन लिव्हर. फेदर म्हणजे प्रॉपेलरची पाती वाऱ्याला धारेने उभी. इंजिन चालू, ओढ शून्य. टॉर्क, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारा जोर, तोही शून्यावर आला होता. उडवणाऱ्याने शक्ती येत नसल्याचं दोनदा सांगितलं, पण लिव्हरकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. 72 जण गेले.

इंजिन बिघडलं तर याहून सावकाश. इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा थ्रस्ट लिव्हर, इंधन बंद करणारा लिव्हर, आग लागली तर ओढायचं फायर हँडल यांना एकट्याने हात लावायचा नाही. हात ठेवून ‘नंबर टू, कन्फर्म?’ विचार, शेजारच्याने डोळ्यांनी बघून ‘कन्फर्म्ड’ म्हटल्याखेरीज हलवू नकोस. 2015 मध्ये तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीच्या विमानाचं उजवं इंजिन गेलं होतं, कॅप्टनने मागे ओढलं डावं. फर्स्ट ऑफिसर ‘थांबा, तपासू’ म्हणाला होता. 43 जण दगावले.

आपल्याच हातून चूक झाली तर गुपचूप लिव्हर परत ढकलू नकोस. आधी विमानाचा कल आणि वेग सांभाळ, मग काय हलवलं ते मोठ्याने सांग. कॅप्टन कितीही ज्येष्ठ असो.