दोन दिवसांचं शिबिर नको, एक दिवस पुरे

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या तुमच्या सेंटरमधल्या बारा जणांना (नर्सेस, सोशल वर्कर, दोन काउन्सेलर) नातेकेंद्री मानसोपचाराची (म्हणजे थेरपिस्ट आणि पेशंट यांच्या नात्यावर भर देणाऱ्या उपचाराची) कौशल्यं शिकवायला दोन दिवसांचं शिबिर घ्यायचंय, तर त्यात काय काय ठेवावं?

माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. शिबिर एकच दिवस ठेवा आणि पुढचे सहा महिने दर आठवड्याला एक तास राखून ठेवा. हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत मी असंच दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. स्लाइड्स, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचे विचार, सहानुभूतीची व्याख्या, सकाळी पोहे-जिलबी. सगळे खूश. दोन महिन्यांनी गेले तर त्यातलीच एक हुशार सिस्टर पेन उघडून पेशंटला विचारत होती, "नींद? भूख? दवाई ली?" तिचा काय दोष? तिला वर्षानुवर्षं विचारायलाच शिकवलेलं. दोन दिवसांत हात वळत नाही.

म्हणून सुरुवात या सवयीपासूनच करा. रॉबर्ट हॉब्सन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने संवादावर उभी केलेली एक पद्धत आहे. त्यात थेरपिस्ट शक्यतो प्रश्न विचारत नाही. अंदाजाने, जरा अडखळत एक विधान करतो आणि समोरच्याला ते दुरुस्त करायला जागा ठेवतो. आपल्याला हे सोपं जायला हवं, कारण मराठीत त्यासाठी "असावं" हे आयतं क्रियापद आहे. "झोप लागते का?" याला उत्तर हो किंवा नाही. "रात्र फार मोठी जात असावी" म्हटलं की माणूस थांबतो, कधी म्हणतो, "रात्र नाही हो, पहाट." आणि मग पहाटेबद्दल बोलू लागतो. हिंदीत तेच "होगी" करतं: "रात काटे नहीं कटती होगी." शिबिराच्या दिवशी जोड्या पाडा, दहा मिनिटं एकही प्रश्न न विचारता बोलायला लावा. पहिल्यांदा हसतात, मग घामाघूम होतात.

एक अपवाद मात्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. जीव द्यायचे विचार येतात का, हे आडून नाही, सरळ विचारायचं. विचारल्याने ते विचार डोक्यात पेरले जात नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पेशंटला आणि घरच्यांना कागदावर लिहून द्यायचा.

हे फक्त डॉक्टरांचं काम, असं कोणी म्हणालं तर मँचेस्टरचा अभ्यास सांगा. विष किंवा गोळ्या घेऊन इस्पितळात आलेल्या ११९ जणांवर तो झाला, २००१ मध्ये छापून आला. निम्म्यांकडे प्रशिक्षित नर्स घरी जाऊन हॉब्सनच्या याच पद्धतीची चार सेशन्स घेत होत्या. सहा महिन्यांत पुन्हा स्वतःला इजा केल्याचं ही सेशन्स मिळालेल्यांतल्या ९ टक्क्यांनी सांगितलं, नेहमीच्या उपचारवाल्यांत २८ टक्क्यांनी. चारच सेशन्स! पण त्या नर्सना सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टचं नियमित मार्गदर्शन) होतं, हे विसरू नका.

आता आपल्या गावाबद्दल. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपलेपणा. इंदूरकर तिसऱ्यात उस्ताद. पाच मिनिटांत "भिया", "अम्माजी" सुरू होतं. पहिल्या दोनांची मात्र बोंब. सहा महिने येणाऱ्या बाईला नेमकं काय बदलायला हवंय, हे कोणी विचारलेलंच नसतं. (हो, इथे प्रश्न चालेल.)

याच आपलेपणामुळे बिनसलेलं दिसतही नाही. सफ्रान आणि म्यूरन या मानसशास्त्रज्ञांनी नातं ताणलं जाण्याचे दोन प्रकार सांगितलेत: पेशंट अंगावर येतो किंवा आत मिटतो. आपल्याकडे भांडणारे कमी. मिटणारा पेशंट "हाँ जी, बिलकुल जी" म्हणत राहतो आणि पुढच्या वेळी येत नाही. स्टाफला तो आज्ञाधारक वाटतो! "मघाशी मी औषधाचं बोलले तेव्हा तुम्ही जरा दूर गेल्यासारखे वाटलात. माझं काही चुकलं असेल" हे वाक्य तोंडी बसायला माझ्या गटाला तीन महिने लागले. आपण वरचे, तो पेशंट. चूक कबूल करायची म्हणजे मान खाली घालणं वाटतं. इथे घाई करू नका.

आठवड्याच्या त्या तासात भाषण नको. एकाने आपल्या सेशनची तीन-चार मिनिटांची रेकॉर्डिंग आणायची, दोनदा ऐकायची. पहिल्यांदा सगळ्यांनी गप्प. दुसऱ्यांदा ज्याची आहे त्याने हवं तिथे थांबवून सांगायचं की त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. रेकॉर्डिंगला पेशंटची लेखी संमती हवीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २३ मध्ये, गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. ऐकून झालं की फाइल पुसायची, मोबाइलवर फिरवायची नाही. नकार दिला तर हसून सोडून द्यायचं, उपचारात फरक पडता कामा नये.

पहिल्या आठवड्यात कोणीच काही आणणार नाही. त्या दिवशी तुम्ही स्वतःची रेकॉर्डिंग लावा, आणि जरा फसलेलीच निवडा.