पित्ताशय काढलं, मग पित्त कुठून येतं?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, खडे होते म्हणून अख्खी पिशवीच काढली. मावशी म्हणाली होती आता तुझं पित्त कायमचं गेलं, पण आईला सकाळी घशाशी आंबट येणं अजून तसंच आहे. आणि बाबांनी तिचं तूप-तेल पार बंद केलंय, पचणार नाही म्हणून. मी गोंधळून गेलेय, खरं काय? — एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, सगळा घोळ 'पित्त' या एका शब्दाचा आहे. घशाशी आंबट आलं की आपण पित्त झालं म्हणतो, पण ते बहुतेक वेळा जठरातलं ॲसिड असतं, ते जठराच्या अस्तरातच तयार होतं. लिव्हरचं पित्त आंबट नसतं, कडू असतं. रिकाम्या पोटी उलट्या होत राहिल्या की शेवटी जे कडूजार, पिवळं-हिरवं पडतं ना, ते हे. त्यामुळे पिशवी काढून ॲसिडिटी जाईल असं नव्हतंच.

आणि पिशवीत पित्त बनत नाही, फक्त साठतं. बनवतं लिव्हर, म्हणजे यकृत, उजव्या बरगड्यांच्या आड, साधारण दीड किलोचं. आतड्यातून अन्नरस घेऊन येणारं रक्त आधी तिथेच जातं, लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं जवळजवळ पाऊण रक्त या वाटेने येतं. दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं, आणि पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिली, तेही पाणी शोषून घट्ट केलेलं. तूप-तेल लहान आतड्यात पोचलं की आतडं रक्तात एक हार्मोन सोडतं, त्याने पिशवी आकसते आणि पित्त खाली उतरतं.

आता तूप पचण्याचं बघा. मिसळीवर कट कसा तरंगतो, तसंच पोटातही तेल पाण्यात मिसळत नाही. पित्तातले क्षार त्याचे बारीक बारीक थेंब करतात, मग स्वादुपिंडाचा पाचकरस त्यांच्यावर काम करू शकतो. पित्त स्वतः चरबी पचवत नाही, पण ते नसेल तर चरबी नीट पचत नाही आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की काम झालं की ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटी परत शोषले जातात आणि लिव्हरकडे जातात, तेच क्षार दिवसातून कितीतरी फेऱ्या मारतात.

आईची पिशवी गेली, लिव्हर शाबूत आहे. आता पित्त साठत नाही, थेट आतड्यात झिरपत राहतं, म्हणून एकदम खूप तळकट खाल्लं तर काहींना सुरुवातीला जुलाब होतात. थोडं थोडं खायचं. वरणभातावर चमचाभर तूप खाऊ द्या हो त्यांना, बाबांना माझं नाव सांगा!

आंबट येण्यासाठी रात्रीचं जेवण लवकर, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, आणि दोन महिने झालेत तर एकदा दाखवूनच घ्या. पण डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट मातीसारखी, किंवा थंडी वाजून ताप आणि पोटात वर उजवीकडे दुखणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत खडा अडकलेला असू शकतो, त्याच दिवशी सर्जनकडे न्या.