‘एस्केप करणे’ म्हणजे सुटका की सोंग?

प्रश्न असा आला, की एक्सएमएलमधे (माहिती खुणा लावून फाइलीत लिहायची पद्धत) अ‍ॅट्रिब्यूटच्या व्हॅल्यूत & आला की तो ‘एस्केप करा’ म्हणतात, तर मराठीत ‘सुटका करा’ लिहावं का? नाही ना भाऊ. सुटका कोणाची, कोणापासून?

आधी काम काय होते ते पाहू. समजा नागपूरच्या इतवारीतल्या पाइपच्या दुकानाची यादी बनवतोय आणि लिहिलं माप="४"", म्हणजे ४ इंच (माप हे अ‍ॅट्रिब्यूटचं नाव, अवतरणातलं ती त्याची व्हॅल्यू). पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला, ४ च्या मागचं अवतरणचिन्ह दिसलं की त्याच्या हिशोबानं व्हॅल्यू तिथंच संपली, मग वर अजून एक चिन्ह उरलेलं पाहून तो फाइलच नाकारते, त्याला बिचाऱ्याला इंच काय माहीत! म्हणून आत &#34; लिहायचं, म्हणजे दुहेरी अवतरणाचा सांकेतिक नंबर (इथं आकडे इंग्रजीच लागतात, देवनागरी ३४ चालत नाही). नाहीतर बाहेरून एकेरी अवतरण लावा, आतलं दुहेरी तसंच राहू द्या. & आणि < ला मात्र ही सूट नाही, ते व्हॅल्यूत उघडे चालतच नाहीत. > चालते, लोक काहून घाबरतात कोण जाणे.

आता शब्द. इंग्रजी ‘एस्केप’च्या मुळाशी लॅटिन ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘कप्पा’ म्हणजे अंगावरचा झगा, आपला कपाटातला कप्पा नव्हे. पकडणाऱ्याच्या हातात झगा सोडून पसार होणं, असा तो अर्थ. कॉम्प्युटरमधे १९६० च्या सुमारास अमेरिकन संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी एस्केप हे चिन्ह आणलं ते, ‘यापुढची अक्षरं नेहमीच्या अर्थानं वाचू नका’ एवढं सांगायला. म्हणजे निसटतो तो नेहमीचा अर्थ, अक्षर कुठंच जात नाही.

आणि आपल्या फाइलीत तर उलटंच, चिन्ह झगा सोडत नाही, घालते! तान्ह्या पोळ्याला पोरं सजून लाकडी बैल घेऊन निघतात तसं, पार्सरच्या समोरून & हा &#38; बनून जातो आणि पलीकडे गेला की परत &. म्हणून माझं मत ‘सोंग देणे’ला. ऑफिसच्या कागदात कोणी हसलं तर ‘सांकेतिक रूपात लिहा’ म्हणा, पण त्यात मजा नाही.

शिवाय डबल एस्केपिंगला ‘सोंगावर सोंग’ हा शब्द फुकटात मिळते. पहिल्या प्रोग्रामनं &#38; केलं, दुसऱ्यानं त्यातल्याच & ला पुन्हा सजवलं, झालं &#38;#38; आणि वाचताना उतरलं एकच सोंग. एका दुकानाच्या पावतीवर आमच्याकडून नावाच्या मधोमध &#38; असंच छापून गेलं होतं, मालक विचारे, हा ३८ नंबर कोणाचा बाप्पा?