गोष्टीतल्या पिल्लाची आई मेली की मुलगा रडतो. शेवट बदलून सांगू का?

तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, प्राण्यांच्या गोष्टींचं त्याला वेड आहे, पण पिल्लाची आई मरते किंवा पिल्लू मोठं होऊन घर सोडतं तिथे तो हमसून रडतो, असं तुम्ही लिहिलंय. अशा गोष्टी बंद कराव्यात की शेवट गोड करून सांगावा, आणि स्वतः रचायची झाली तर ती कशी रचावी, असे तुमचे प्रश्न आहेत.

बंद करू नका. शेवट तर अजिबात बदलू नका. मी बदलून बघितलाय.

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना मी तिला हरणाच्या पाडसाची एक गोष्ट सांगायला घेतली. घरचीच, तोंडाला येईल तशी. पहिल्याच रात्री पाडसाच्या आईला वाघाने धरलं. का धरलं, देव जाणे. माझे डोळे मिटत होते आणि गोष्ट कुठेतरी संपवायची होती. पोरगी ढसाढसा रडली. दुसऱ्या रात्री मी घाबरून हरणीला जिवंत केलं. वाघाने धरलंच नव्हतं, ती लांबच्या रानात गेलीय, येईल. झालं! पुढचे पंधरा दिवस रोज एकच चौकशी. आली का? आज तरी आली का? पाडसाला न सांगता का गेली? मेलेल्या आईसाठी ती एक रात्र रडली होती, पण न सांगता निघून गेलेल्या आईला माफ करायला ती तयार नव्हती. त्याच सुमाराला मला कामासाठी दोन दिवस बाहेर जायचं होतं, तर बाईसाहेब माझ्या बॅगेवर बसून राहिल्या.

शेवटी कबूल केलं. हरणी मेली, मी खोटं बोललो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग पाडसाला दूध कोण देतं?"

मी समजूत घालायच्या तयारीत बसलो होतो, आई आता चांदणी झालीय वगैरे. आणि तिला हवी होती व्यवस्था. दूध कोण देणार, ऊब कोण देणार, रात्री शेजारी कोण झोपणार.

तुमच्या मुलाच्या रडण्यातही बहुधा हाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर गोष्टीत असेल तर मूल रडतं, पण रडून झोपतं. नसेल तर रडून जागं राहतं. 1942 च्या 'बॅम्बी' या चित्रपटाचंच बघा. त्यात पाडसाची आई मरताना दिसत नाही, फक्त गोळीचा आवाज येतो. मोठी माणसं त्या आवाजाबद्दल आयुष्यभर बोलत राहतात. पण पाडस बर्फात आईला हाका मारत फिरत असताना थोरलं नर-हरीण समोर येऊन उभं राहतं आणि त्याला घेऊन जातं, हे फारसं कुणाला आठवत नाही. माझ्या मुलीला मात्र तेच नेमकं लक्षात राहिलं.

आमच्या पाडसाला दूध कोण देणार याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी ती गोष्ट मोडली आणि हत्तीच्या कळपात नेली, कारण तिथली व्यवस्था मला माहीत होती. हत्तीण सुमारे बावीस महिने पिल्लू पोटात वागवते. कळपाची पुढारी सगळ्यांत वयस्कर हत्तीण असते, आणि बाकीच्या तिच्या बहिणी, लेकी, भाच्या. पिल्लू अडखळलं, चिखलात रुतलं, तर आईच्या आधी एखादी ताई किंवा मावशी धावते. आई गेली तर याच मावश्या-बहिणी त्याला मधे घेऊन चालतात. एक अडचण होती. दोन वर्षांच्या आतलं पिल्लू आईच्या दुधावाचून सहसा जगत नाही, मावश्या कितीही प्रेमळ असल्या तरी. म्हणून गोष्टीतलं पिल्लू मी चार वर्षांचं केलं. मुलीला यातलं काही सांगितलं नाही, पण मला स्वतःला ते खरं वाटल्यावर माझा आवाज डगमगला नाही. मुलांना आवाजातली लबाडी लगेच कळते.

रचून सांगायची असेल तर माझं म्हणणं एवढंच आहे, की प्राण्याला प्राणी राहू द्या. दप्तर पाठीला लावून शाळेत जाणारा ससा मला आवडत नाही. तो ससा नसतोच, कान लावलेला मुलगा असतो, आणि बहुधा त्याला दात घासायला शिकवायचं असतं. त्यापेक्षा खऱ्या रानसशाची गोष्ट सांगा. मादी उघड्या रानात पिल्लं घालते. पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि अंगावर केस असलेली असतात. थोड्याच दिवसांत ती एकेकटी गवतात दडून बसतात. आई दिवसभर फिरकत नाही. दिवस मावळला की पिल्लं एका ठिकाणी जमतात, आई येते, काही मिनिटं दूध पाजते आणि पुन्हा निघून जाते. ती जवळ बसून राहिली तर कोल्ह्याला माग लागेल. आई लांब असते ती पिल्लांसाठीच. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांना ही गोष्ट मी सांगितलीय आणि ती अगदी शांतपणे ऐकून घेतली जाते. तुमचा मुलगा तुम्ही घराबाहेर पडताना रडत असेल तर इथूनच सुरुवात करा.

बाबाची गोष्ट हवी असेल तर एम्परर पेंग्विन आहेच. अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, बाबा अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सुमारे पासष्ट दिवस उभा राहतो, तेही उपाशी. तेवढ्या काळात आई समुद्रावर खाऊन-पिऊन परत येते. यात मी कधी काही घालत नाही, घालायची गरजच पडत नाही.

मोठं होण्याबद्दल सांगायचं तर मला मीरकॅटसारखा प्राणी सापडला नाही. मुंगसाच्या कुळातला, आफ्रिकेच्या कोरड्या भागात राहणारा. त्याच्या खाण्यात विंचूही असतात. पण पिल्लाला विंचू खायला शिकवायचा कसा? लहान पिल्लाला मोठे मीरकॅट मेलेला विंचू आणून देतात. जरा वाढलं की जिवंत, पण नांगी तोडलेला. आणखी वाढलं की नांगीसकट. देऊन झाल्यावर जवळ उभं राहून बघतात, विंचू निसटला तर परत ढकलून देतात. यावरचा अभ्यास 2006 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्यातली गंमत अशी, की मोठे मीरकॅट पिल्लाची वाढ त्याच्या ओरडण्यावरून ठरवतात. संशोधकांनी लहान पिल्लांच्या कळपात मोठ्या पिल्लांचे आवाज ध्वनिमुद्रित करून वाजवले, तर मोठ्यांनी लगेच जिवंत विंचू आणायला सुरुवात केली! हे मी मुलीला सांगितल्यापासून घरात नवीन भाषा आली. बुटाची नाडी बांधताना, "बाबा, नांगी तोडून दे ना."

आता पिल्लू घर सोडून जातं त्या गोष्टींबद्दल. हे जास्त अवघड आहे, कारण इथे कुणी मेलेलं नसतं, तरी दोघं वेगळी होतात. मला यासाठी पंचतंत्रातली एक गोष्ट फार जवळची वाटते. खरं तर पंचतंत्रातले प्राणी बहुतेक सगळे मोठे झालेलेच असतात: मंत्री, मित्र, लबाड, मूर्ख. पिल्लं क्वचित भेटतात. पण चौथ्या तंत्रात, लब्धप्रणाशात, एक सिंहीण आहे. सिंहाला एके दिवशी शिकार मिळत नाही, मिळतं फक्त कोल्ह्याचं पिल्लू. लहान जीव म्हणून तो त्याला मारत नाही, तोंडात धरून जिवंत घरी आणतो. तुम्ही मारलं नाहीत तर मी कशी मारू, म्हणून सिंहीण त्याला आपल्या दोन छाव्यांबरोबर दूध पाजून वाढवते. तिघांनाही माहीत नसतं की कोण कोण आहे. एकदा रानात हत्ती येतो. छावे त्याच्यावर धावायला निघतात, कोल्हा म्हणतो जाऊ नका आणि घराकडे पळतो. मग तेही परततात आणि आईबापांसमोर भावाची थट्टा करतात. कोल्हा चिडतो. मी यांच्यापेक्षा कशात कमी आहे, यांना मारूनच टाकतो, म्हणतो. सिंहीण त्याला बाजूला घेते. बाळा, तू शूर आहेस, शिकलेला आहेस, देखणा आहेस, पण ज्या कुळात तू जन्मलास तिथे हत्ती मारत नाहीत. मग सगळं खरं सांगते आणि म्हणते, माझ्या मुलांना कळायच्या आत तुझ्या लोकांत जा. तो गुपचूप निघून जातो.

मूळ ग्रंथात ही गोष्ट एक राजा एका कुंभाराला, तू लढवय्या नाहीस, तुझी जात वेगळी, हे ऐकवण्यासाठी सांगतो. तो हेतू मला अजिबात पटत नाही आणि मुलांना सांगताना मी राजा-कुंभार दोघांनाही बाहेर ठेवतो. पण सिंहिणीला मी सोडू शकत नाही. ती त्याला सगळ्यांसमोर लाजवत नाही. खोटंही सांगत नाही. आणि त्याचा जीव वाचावा म्हणून त्याला स्वतःपासून लांब करते. गोष्ट संपल्यावर कृपा करून "यावरून काय शिकलास?" असं विचारू नका. रडला तर रडू द्या, "अरे, गोष्टच आहे ती" असंही म्हणू नका. त्याच्यासाठी ती तेवढीच नसते. घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल तर मात्र गोष्ट त्याला निवडू द्या.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि सहा वर्षांच्या भावाला ही गोष्ट तीच सांगते. तिला स्वतःला त्या वयात एकच काळजी होती, कोल्हा गेला कुठे आणि तिथल्या कोल्ह्यांनी त्याला घेतलं का. त्यावर आम्ही चार-पाच रात्री घालवल्या होत्या. मुलाचा प्रश्न वेगळाच निघाला. गेल्या आठवड्यात गोष्ट संपल्यावर तो उठून बसला आणि म्हणाला, "सकाळी दोघं छावे उठले आणि आपल्यातलं कुणीतरी कमी आहे हे त्यांना दिसलं, तर सिंहिणीने त्यांना काय सांगितलं?"

ग्रंथात याचं उत्तर नाही. लांबच्या रानात गेलाय, येईल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मुलीने माझ्याकडे बघितलं. सध्या रोज रात्री आम्ही तिघं त्यावरच अडलोय.