दोन पिल्लं एकदम आणली तर ती एकमेकांत रमतात आणि आपलं काम कमी होतं का?

तुम्ही लिहिलंय की इमारतीच्या जिन्याखाली कुत्री व्याली आहे, पिल्लं पाचेक आठवड्यांची झालीत आणि त्यातली दोन घरी आणायचं मनात आहे. मैत्रिणीचं म्हणणं, एकापेक्षा दोन बरी, आपापसात खेळत बसतील. आणि घरात सासूबाईंची ना आहे.

खेळतात, हे खरंय. काम कमी होतं ही मात्र निव्वळ अफवा. आमच्याकडे इंदूरला, सुदामा नगरात, ठकी आणि बंड्या ही सख्खी भावंडं आहेत, अस्सल गावठी, आता चांगली थोराड झालीत. त्यांच्या जोरावर सांगते.

खोड्या दुप्पट होतात असं लोकांना वाटतं, पण खरी पंचाईत वेगळीच आहे. एकटं पिल्लू चप्पल तोंडात धरून तुमच्याकडे बघतं, कारण त्याला तुमच्याशी खेळायचं असतं. दोघं असली की एकाच्या तोंडात चप्पल, दुसऱ्याच्या तोंडात त्याच चपलेचा पट्टा, आणि तुम्ही ओरडताय याचं दोघांनाही सोयरसुतक नाही. त्यांना तुमची गरजच उरत नाही. पहिल्या काही महिन्यांत तिकडे लक्ष दिलं नाही तर ती एकमेकांना इतकी चिकटतात की हाकेला येणं, एकटं राहणं, अनोळखी माणसाला न घाबरणं यातलं काहीच धड शिकत नाहीत. एकाला डॉक्टरकडे न्यायला काढलं की दुसरं घर डोक्यावर घेतं. म्हणून दोघांना वेगवेगळं वाढवावं लागतं, आणि सगळी मेहनत जाते ती त्यातच.

जेवण वेगळ्या भांड्यांत हे तर झालंच, पण वेगळ्या जागीसुद्धा. ठकी ओट्याखाली जेवते, बंड्या मागच्या गॅलरीत, मधलं दार बंद. बंड्या न चावता गिळणारा. दार किलकिलं राहिलं तर आपलं संपवून बहिणीच्या भांड्यात तोंड घालतो आणि मग गुरगुर सुरू. फिरायला नेताना एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे, आणि गल्ल्याही वेगळ्या. बसायला, थांबायला शिकवायचं तेही एकेकट्याला, जेमतेम पाच मिनिटं, तेवढा वेळ दुसरं दाराआड. दाराआडचं पिल्लू सुरुवातीला असं विव्हळतं की शेजारच्या भाभी विचारायला येतात, काय झालं म्हणून. त्यावर आमचा उपाय म्हणजे पोकळ रबरी खेळण्यात साधं दही भरायचं, फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि दार लावायच्या आधी हातात, म्हणजे तोंडात, द्यायचं. चाटता चाटता वेळ जातो आणि एकटं असलं की दही मिळतं हे डोक्यात पक्कं बसतं. रात्रीही अंथरुणं वेगळी, हळूहळू खोल्यासुद्धा.

हाक मारायची गंमत अशी की सुरुवातीला "ठकी" म्हटलं तरी दोघं धावत यायची. आली की दोघांच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा पडत होता, मग नाव ऐकायचंच कशाला? नंतर ज्याचं नाव त्यालाच तुकडा, दुसऱ्याने नुसतं बघायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, असं केलं. बंड्या बघत बसतो खरा, पण लाळेचं थारोळं करून.

शू-शीचं वेळापत्रक सांगायला सोपं. पिल्लू झोपेतून उठलं, जेवलं, किंवा खेळता खेळता एकदम जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की उचला आणि बाहेर न्या. केली की तिथल्या तिथे शाबासकी. पण दोघांच्या वेळा जुळत नाहीत, आणि एकाने जिथे केली तिथे दुसरं हटकून करतं. कोणी केली हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे रागवायचा प्रश्नही मिटतो. तसंही मागाहून ओरडून फायदा नाही; डबकं आणि तुमचा आवाज यांचा संबंध त्यांना लागत नाही, फक्त तुमची भीती बसते. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारायचा सल्ला देणारे काका प्रत्येक गल्लीत असतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. फिनाइलने पुसलं की आपलं समाधान होतं, पण त्यांच्या नाकाला ती जागा सापडतेच. पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून पुसा, किंवा पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर आणा.

बाहेर केलेलं उचलायची पिशवी खिशात हवी. आमच्या शहराला २०१७ ते २०२३ सलग स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर मिळालाय, आणि तो लोकांनी मनावर घेतलाय. एकदा नवरा पिशवीसाठी खिसे चाचपत होता तेवढ्यात दुकानदाराने भर चौकात आवाज दिला, "ओ भिया, ये कौन उठाएगा?" सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की ठकी-बंड्या मान वर करून सूर लावतात, गाडी आली हे वरच्या मजल्यावरच्यांना आता यांच्यावरूनच कळतं.

चावण्याबद्दल. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात; २८ दुधाचे जाऊन सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. केर काढताना तांदळाच्या कणीएवढा दात सुपलीत दिसला तर घाबरू नका. पुष्कळ तर ती गिळूनच टाकतात. हिरड्या शिवशिवत असतात म्हणून चार्जरच्या वायरी, सोफ्याचे पाय, पायपुसणी, सगळं तोंडात जातं. वायरी उचलून ठेवा, आणि ओलं फडकं पीळ देऊन फ्रीझरमध्ये कडक करून द्या, तुमच्यासमोरच. दोघं असण्याचा एक अस्सल फायदा मात्र इथे दिसतो. ठकीने बंड्याचा कान धरला. बंड्या केकाटला आणि खेळ सोडून पलंगाखाली गेला. ठकी गोंधळून तशीच उभी, मग पोटावर सरपटत गेली आणि पुन्हा तोच कान धरला, पण या वेळी नुसता ओठांत. दात किती लावायचे हे भावंडं एकमेकांना जितकं नीट शिकवतात तितकं आपल्याला नाही जमत.

खेळ आणि भांडण यातला फरक ओळखायला शिका. खेळात पाळ्या बदलतात, आत्ता वरचा तो मग खालचा, अंग सैल, मधूनच पुढचे पाय टेकवून बूड वर. अंग ताठ झालं, नजर रोखली, आवाज बसला आणि खालचा सुटायला बघतोय तरी वरचा सोडत नाही, की मध्ये पडा. पण हात घालू नका. ताट आपटा, चादर टाका. आणि हो, रस्त्यावरची पिल्लं आहेत, लस झालेली नसताना दात किंवा नख लागून ओरखडा जरी आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या बाबतीत "पिल्लूच तर आहे" हे चालत नाही.

खाण्यात इंदुरी घराची अडचण म्हणजे शेव. रविवारी पोहे, वर शेव, कांदा, जिरावण, आणि टेबलाखाली दोन तोंडं. पाहुणे मायेने चिमूटभर टाकतात. शेवेतलं मीठ-तिखट वाईट आहेच, पण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्याहून फसवा पदार्थ म्हणजे सत्यनारायणाचा शिरा. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. प्रसादाला नाही म्हणवत नसेल तर बेदाणे न घालता वाटीभर आधी बाजूला काढा. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगगम आणि आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या कपाटात, वरच्या फळीवर. गाईच्या दुधानेही बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात; दही-भात, उकडलेलं अंडं, उकडलेलं चिकन बरं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं.

लसींमध्ये टंगळमंगळ करू नका, कारण पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, एकाला झाला की दुसऱ्याला होणार हे धरूनच चालायचं. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, सोळा आठवड्यांपर्यंत; रेबीजची साधारण तीन महिन्यांना. जंताचं औषध त्याच्याही आधीपासून. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही, पण घरात कोंडायचंही नाही, कारण जगाची ओळख व्हायचं वय नेमकं हेच. आम्ही पिशवीत घालून, एका वेळी एकाला, चौकापर्यंत नेत होतो: बस, घंटा, शाळेची पोरं, फुगेवाला, सगळं लांबून. पुढे ढोलताशांना ती फारशी बिचकली नाहीत. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मोठी मिरवणूक, निघते तेव्हा मात्र दोघंही घरात, खिडक्या बंद.

नर-मादी आणणार असाल तर नसबंदीचं आधीच ठरवा. मादी सहाव्या महिन्यापासून कधीही माजावर येऊ शकते, आणि बहीण-भाऊ हे नातं आपल्याला, त्यांना नाही. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला की दुसरं तो ओढायला येणार, तेव्हा टाके निघेपर्यंत पुन्हा दोन खोल्या. दोन माद्या आणल्या तर वयात येताना भांडणं जुंपण्याची शक्यता जास्त, हेही लक्षात असू द्या.

खर्च अर्थातच दुप्पट, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. दिवसभर घरात कोणीच नसेल तर एकच आणा. दुसरं हवंच असेल तर पहिलं वर्षाचं होऊन हाकेला यायला लागल्यावर. ते मोठं निम्मं तरी शिकवतं.

सासूबाईंचं म्हणाल तर आमच्या घरीही तीच तऱ्हा होती. सोवळं-ओवळं, केस, देवघर, सगळी यादी. त्यांना मी काही समजावलं नाही. होळकरांच्या गावात राहतो, खंडोबा होळकरांचं कुलदैवत, आमचंही तेच, आणि खंडोबापाशी कुत्रा असतो. चंपाषष्ठीला त्यांनी स्वतःहून भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला कोरडा रोडगा मोडून दोघांना घातला. भरीत मी आधीच उचललं होतं, कांदा-लसूण होता त्यात. देवघराला मात्र अजून जाळी आहे, आणि ती असलेली बरी.

तुमची पिल्लं पाच आठवड्यांची आहेत म्हणता, तर आत्ता उचलू नका. आठ आठवडे आई आणि बाकीच्या भावंडांत राहू द्या, ते चावणं-सोडणं तिथेच सुरू होतं. तोवर रोज जिन्याखाली जाऊन बसा, आईने येऊ दिलं तर एकेकाला हातात घ्या, डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या, आणि त्या आईला पोटभर घाला. ती जरा मोकळी झाली की तिचीही नसबंदी करून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी जिन्याखाली पुन्हा हाच प्रश्न.