लेकीच्या झोपेत बसणारा केक

प्रश्न : ताई, माझी मुलगी 9 महिन्यांची झालीये. आधी दर रविवारी काहीतरी बेक करायचे, केक, नानकटाई, कधी पाव, आता ओटीजी नुसता धूळ खात पडलाय. ती झोपते जेमतेम अर्धा-पाऊण तास, मिक्सर लावला की उठलीच. शिवाय ती आता आमच्या ताटातलं ओढते, मग तिलाही चालेल असं काही करता येईल का? सासूबाई म्हणतात साखर नको तर मध घाल, भाजल्यावर काही होत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : अगं आधी मधाचं सांगते, कारण बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल पण हे नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको, चाटवायलाही नको आणि केकमध्येही नको. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. आणि ओव्हन 180 डिग्रीवर असला तरी केकचा आतला भाग ओलसर असल्यामुळे 100 च्या वर जातच नाही, तेवढ्यात ते बीजाणू मरत नाहीत. सासूबाईंना हे असंच शांतपणे सांग, त्या प्रेमानेच म्हणतायत, त्यांच्या वेळी घरोघरी मध चाटवायचेच.

गूळ घातला तरी ती साखरच गं. दोन वर्षांपर्यंत वरून गोड घालूच नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि मला ते पटतं, कारण पिकलेल्या केळ्याचा गोडवा या वयाला भरपूर होतो.

आता वेळेचं. सगळं एका दमात करायचा हट्ट सोड. सकाळी कधीतरी 1 वाटी कणीक, पाव वाटी नाचणीचं पीठ, 1 छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा चाळून डब्यात भरून ठेव (नाचणी याहून जास्त नको, तिच्यात ग्लुटेन नसतं, केक भुसभुशीत होऊन तुटतो). ती झोपली की ओटीजी तापत लाव आणि 2 काळी पडलेली केळी काट्याने कुस्कर, मिक्सर लागतच नाही, त्यात अर्धी वाटी दही आणि पाव वाटी तेल घालून फेट आणि मग डबा ओत. इथून पुढे मात्र थांबायचं नाही, दही आणि सोडा भेटले की फसफसायला लागतात, पीठ ताटकळलं तर तो गॅस निघून जातो आणि केक बसतो. म्हणून ती चुळबुळत असेल तर ओलं-कोरडं एकत्र करूच नको, दोन्ही वेगवेगळं निवांत राहतं.

यातलं थोडं पीठ तूप लावलेल्या स्टीलच्या वाटीत तिच्यासाठी काढ, मग उरलेल्यात तुमच्यासाठी अर्धी वाटी किसलेला गूळ, वेलची, हवे तर अक्रोडाचे तुकडे. तिच्या वाटीत अक्रोड जाऊ देऊ नको, घशात अडकतात. वाटी साधारण 15-20 मिनिटांत होते, मोठ्या केकला 35-40 लागतात, सुरी कोरडी निघाली की झालं. केळं, दही, गहू, नाचणी यातलं तिने आधी काही खाल्लं नसेल तर ते आधी वेगवेगळं देऊन बघ, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ देत, म्हणजे अंगावर काही उठलं तर कशाने ते कळतं. आणि हा खाऊ अधूनमधूनचा, रोजची खिमटी-वरणभात आहेच. बोटाएवढी लांब पट्टी काप, तिला मुठीत धरता येते, खाताना समोर बसून राहा.

ओटीजी कुठे आहे ते लिहिलं नाहीस. खाली किंवा स्टुलावर असेल तर आधी ओट्यावर आतल्या बाजूला ने, वायर लोंबू देऊ नको. रांगणारं बाळ काचेवर हात टेकूनच उभं राहायला बघतं आणि बंद केल्यावरही ती काच बराच वेळ चटका देते.

वाढदिवसाचं तू विचारलं नाहीस पण तीनच महिने राहिलेत, म्हणून सांगते. हाच केक कर आणि वरून बाजारच्या क्रीमऐवजी चक्का लाव, घट्ट टांगलेला, त्यात भिजवून वाटलेला खजूर. श्रीखंडाला लावतो तसा पुरणयंत्रातून काढलास की मस्त गुळगुळीत पसरतो, फक्त केक पूर्ण गार झाल्यावरच लाव नाहीतर पाणी सुटतं.